बाराला एक ते तीनाला एक : पुरुषांच्या ताटाचा हिशेब

पुरुषांच्या आहाराविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा दोनच प्रसंगी. मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागला की प्रोटीन पावडरचा विषय निघतो आणि पन्नाशीत साखर किंवा रक्तदाब वाढला की पथ्याचा. मधली पंचवीस-तीस वर्षे ताटात जे वाढले जाईल ते पुरुष खातो. त्यात काय आहे, किती आहे हे त्याला ठाऊक नसते, कारण बहुतेक घरांत ते त्याने शिजवलेले नसते. मीही एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत असाच जेवत आलो. नंतर घरातील वजनकाटा ओट्यावर मांडून मी माझे स्वतःचे जेवण मोजले आणि त्या मोजणीतून जे हाती आले, ते इतरांना करून पाहता यावे म्हणून क्रमाने येथे मांडतो आहे. हा लेख मुख्यतः बैठे काम करणाऱ्या, घरचा डबा खाणाऱ्या मराठी पुरुषासाठी आहे. अंगमेहनत करणाऱ्यांसाठी आणि वृद्धांसाठी काय बदलते ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी : वजनकाट्याआधी मोजपट्टी

माझे वजन ६८ किलो आणि उंची १७० सेंटिमीटर. या आकड्यांवर कोणीही मला लठ्ठ म्हणणार नाही आणि मीही स्वतःला कधी तसे मानले नव्हते. पोटाचा घेर मात्र ९६ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरली जाते, कारण आपल्याकडील पुरुषांची चरबी हातापायांवर कमी आणि पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती व यकृतात जास्त साठते, आणि मधुमेह व हृदयविकाराला हीच चरबी अधिक कारणीभूत ठरते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका छायाचित्राने जगाला दाखवली. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असे नाही, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मोजण्याची पद्धत अशी. सकाळी पोट साफ झाल्यावर, उघड्या अंगाने सरळ उभे राहावे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध मोजपट्टी जमिनीला समांतर धरावी, श्वास सहज सोडून द्यावा, पोट आत न ओढता आकडा वाचावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. पँटचे माप यासाठी उपयोगाचे नाही, कारण पोट सुटलेला पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतो आणि वीस वर्षे माझे माप बदललेले नाही असे खात्रीने सांगतो.

दुसरी पायरी : तीन दिवस कोरडे वजन

ही पायरी कंटाळवाणी आहे, तरी तिला पर्याय नाही. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्यावा आणि सलग तीन दिवस आपल्या वाट्याचे धान्य व डाळ शिजवण्याआधी, कोरड्या स्थितीत मोजावी. शिजल्यावर मोजण्याने फसगत होते. डाळ कितीही पातळ करता येते आणि वाटीभर वरणात डाळ किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. माझ्या घरी एका वाटी वरणात कोरडी डाळ निघाली फक्त १५ ग्रॅम, म्हणजे मुठीत धरली तर तळहातही भरत नाही इतकी. ती वाटी मी वर्षानुवर्षे ‘वरण जेवलो’ या समाधानाने संपवत आलो होतो.

माझा एका दिवसाचा हिशेब असा होता. सकाळी पोहे ६० ग्रॅम. डब्यात चार पोळ्या, म्हणजे कणीक १२० ग्रॅम, आणि भातासाठी तांदूळ ५० ग्रॅम. रात्री तीन पोळ्यांची कणीक ९० ग्रॅम आणि पुन्हा ५० ग्रॅम तांदूळ. एकूण धान्य ३७० ग्रॅम. दोन्ही वेळच्या वरणातील डाळ मिळून ३० ग्रॅम. भाजी एका वेळी बटाट्याची आणि एका वेळी कोबीची. तीन कप चहा, चार बिस्किटे. धान्य आणि डाळ यांचे प्रमाण बाराला एक.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि ३५ ग्रॅम शेंगदाणे-तेलबिया-सुका मेवा सुचवला आहे. धान्य आणि डाळ यांचे प्रमाण येथे साधारण तीनाला एक येते. माझ्या ताटात धान्य दीडपट होते आणि डाळ तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. अन्न पोटभर होते, परंतु ते चुकीच्या बाजूला झुकलेले होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या जेवणात प्रथिने अजिबात नसतात असे जे म्हटले जाते ते खरे नाही. वरील दिवसात मला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने मिळत होती, आणि ६५ किलो वजनाच्या निरोगी पुरुषासाठी सांगितलेले प्रमाण ५४ ग्रॅम, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. तथापि, हे प्रमाण चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी आहे. प्रथिने मुख्यतः धान्यातून येत असतील तर किलोमागे १ ग्रॅम धरावे लागते, कारण गहू-तांदळात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि त्यामुळे बाकीची अमिनो आम्लेही शरीराला पुरती वापरता येत नाहीत. डाळीत लायसिन भरपूर असते, आणि डाळीत जे कमी पडते ते धान्य पुरवते. वरण-भात, खिचडी, मिसळीबरोबरचा पाव या जोड्या म्हणूनच चांगल्या आहेत. बिघडले आहे ते जोडीतले प्रमाण. माझ्या ५० ग्रॅमपैकी ३५ ग्रॅम प्रथिने धान्यातून येत होती आणि गरज होती ६८ ग्रॅमच्या आसपास.

तिसरी पायरी : त्याच स्वयंपाकात प्रमाण बदलणे

मोजणी झाल्यावर पहिला मोह होतो तो पोळ्या एकदम बंद करण्याचा. तो टाळावा. नुसती पोळी कमी केली आणि तिच्या जागी काही ठेवले नाही, तर चार वाजता भूक लागते आणि कार्यालयाखालच्या गाडीवरचा वडापाव पोटात जातो. आधी डाळ वाढवावी, मग धान्य आपोआप कमी होते.

सर्वांत सोपा बदल सकाळचा. कांदेपोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी हे सारे जवळजवळ केवळ पिष्टमय पदार्थ आहेत. आठवड्यातून चार दिवस त्यांच्या जागी मुगाच्या डाळीचे धिरडे, बेसनाचे पोळे, मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा दोन अंडी ठेवावीत. ४० ग्रॅम मुगाच्या डाळीत साडेनऊ ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सुमारे सहा. पोहेच हवे असतील तर पोहे निम्मे घ्यावेत, मटार आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे सढळ हाताने घालावेत आणि बरोबर वाटीभर दही घ्यावे. थालीपीठाची भाजणी हा तर आपल्याकडचा तयार उपाय आहे, मात्र भाजणी करताना ज्वारी-बाजरी-तांदळाच्या तीन वाट्यांना हरभरा डाळ, उडीद आणि मूग मिळून निदान एक वाटी पडेल, हे पाहावे. विकतच्या भाजणीत हे प्रमाण पुष्कळदा दिसत नाही.

डब्यात पोळ्या चाराऐवजी तीन कराव्यात आणि सुक्या भाजीच्या डब्याइतकाच मोठा डबा उसळीचा ठेवावा. मटकी, मूग, चवळी, हरभरे, कुळीथ, वाल यांतले एक रोज. हे जमण्यासाठी खरी अडचण भिजवण्याची असते आणि तेथे पुरुषाने स्वतः हात लावावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मी रविवारी रात्री अर्धा किलो मटकी धुऊन कोमट पाण्यात भिजत घालतो, सोमवारी सकाळी निथळून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधतो आणि पातेल्यात झाकून ठेवतो. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत, थंडीत दुसऱ्या सकाळपर्यंत फडक्यातून पांढरे मोड बाहेर डोकावू लागतात. मग ती मटकी फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. या कामाला एकूण दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कोणी द्यायची, एवढाच प्रश्न असतो.

रात्री एक ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पिठले किंवा घट्ट वरण, पालेभाजी आणि थोडा भात. वरण घट्ट म्हणजे वाटीत पळी फिरवली तर तळ लगेच दिसू नये इतके. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी यांच्या पातळ भाजीत डाळ आणि शेंगदाणे घालण्याची आपली जुनी रीत याच हिशेबाची आहे. त्याखेरीज दिवसभरात एक ग्लास दूध, वाटीभर दही किंवा ताक आणि ३० ग्रॅम शेंगदाणे. असा दिवस मी पुन्हा मोजला तेव्हा प्रथिने ६० ग्रॅमच्या थोडी पुढे गेली आणि डाळ-कडधान्ये ९५ ग्रॅम झाली. उरलेली गरज अंडे, पनीर किंवा सोयाबीनच्या वड्यांनी भागते. कोरड्या वड्यांमध्ये निम्म्याहून अधिक भाग प्रथिने असतात. सोयाबीनने पुरुषत्व कमी होते ही भीती ऐकिवातली आहे. नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या सोयाबीनमुळे टेस्टोस्टेरॉन घटत नाही, असे एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे.

मांसाहारी घरांत एक चूक वारंवार होते. रविवारी अर्धा किलो मटण आणि सोमवार ते शनिवार पातळ आमटी. शरीर प्रथिनांचा साठा करून ठेवत नाही. रविवारचे मटण कमी करून आठवड्यातून दोन-तीन वेळा बांगडा किंवा तारली घ्यावी. हे मासे कोकणात आणि गोव्यात पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त मिळतात आणि त्यांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले व बी-१२ जीवनसत्त्व भरपूर असते. शाकाहारींनी ओमेगा-३ साठी जवसाची चटणी रोज एक चमचा खावी.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारा घटक) वाढलेले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. हा इशारा औपचारिक नाही. जुना मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने या पायरीआधी मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

चौथी पायरी : तेल, मीठ आणि साखर महिन्याच्या यादीवरून

या तिन्ही गोष्टी चमच्याने मोजणे रोज शक्य नसते. त्या महिन्याच्या किराणा यादीवरून मोजाव्यात. दरडोई दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे आहे. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात तूप-लोणी धरून महिन्याला तीन ते साडेतीन किलो. यादीत पाच लिटरचा डबा आणि वर एक किलो तूप असेल, तर कोणाची तब्येत का बिघडते आहे याचा शोध तेथूनच सुरू करावा.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि यात लोणचे, पापड, फरसाण, चटणीतले मीठही आले. रक्तदाब असलेल्या माणसाने जेवणावर वरून मीठ घेणे सोडले पण ताटात दोन पापड कायम ठेवले, असे कितीतरी घरांत चालते.

साखरेचा हिशेब चहात लपलेला असतो. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला की ३५ ते ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. गूळ घातल्याने हा हिशेब बदलत नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेल्यास जीभ तक्रार करत नाही. चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर घ्यावा, कारण चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही.

पुरुषांच्या बाबतीत वेगळे काय

लोहाबाबत एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी होण्याची कारणे सहसा समजण्यासारखी असतात. प्रौढ पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेले, तर बीट आणि खजूर खाऊन स्वस्थ बसू नये. पोटातील व्रण, मूळव्याध किंवा आतड्यातील गाठ यांमधून नकळत रक्त जात असण्याची शक्यता असते आणि तिचा तपास डॉक्टरांकडूनच व्हायला हवा. तसेच कारण नसताना लोहाच्या गोळ्या घेत राहणेही पुरुषाला योग्य नाही.

बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी पुरुष दूध-दहीही कमी घेत असेल तर त्याला ते कमी पडतेच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांमध्येही ते घटते. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, विसराळूपणा ही लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नयेत; रक्ताची साधी तपासणी आणि गोळ्या-इंजेक्शने यांनी ती कमतरता भरून निघते. कॅल्शियमची गरज पुरुषालाही दिवसाला १००० मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून आठवड्यातून तीन वेळा तरी नाचणीची भाकरी किंवा आंबील असावी, आणि तिळाची चटणी संक्रांतीपुरती राखून ठेवू नये.

यूरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा सुजणे हा प्रामुख्याने पुरुषांचा आजार आहे. तो झाला की घरात सर्वांत आधी डाळी, पालक आणि टोमॅटो बंद होतात. खरे तर आधी बंद करायला हवी ती बिअर, मग कलेजी, सुका जवळा, तारलीसारखे मासे आणि गोड शीतपेये. डाळी-भाज्यांमुळे हा धोका मांस-माशांसारखा वाढताना दिसत नाही, त्यामुळे डाळ किती खावी हे शेजाऱ्याला न विचारता डॉक्टरांना विचारावे.

दारूबद्दल थोडक्यात लिहितो. एक ग्रॅम अल्कोहोल सात कॅलरी देते आणि पोषण काहीच देत नाही. साठ मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे अल्कोहोलच्या हिशेबाने तशा दोन पेगांइतकी. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्यात म्हणून काही सूट नाही. सुरक्षित असे प्रमाण नाही, अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

उपवास

आठवड्यातून एक-दोन उपवास करणारे पुरुष पुष्कळ आहेत आणि उपवासाला माझा विरोध नाही. मात्र साबुदाणा हा शुद्ध स्टार्च आहे, आणि तो तूप-बटाट्यासह दोन वेळा खाल्ल्यास त्या दिवशी साखर नेहमीपेक्षा जास्त वाढते. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, ताक, उकडलेले रताळे, फळे अशी मांडणी केली तर व्रतही पाळले जाते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवासाच्या दिवशीचे औषध स्वतःच्या मनाने बदलू नये.

वयानुसार आणि कामानुसार

शेतात राबणारा, हमाली करणारा, बांधकामावरचा माणूस यांना वरील हिशेब जसाच्या तसा लागू नाही. बैठ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० कॅलरी लागतात, तर जड श्रमाच्या माणसाला ३४७०. त्याच्या चार भाकऱ्या कमी करणे अन्यायाचे ठरेल. त्याला त्या भाकऱ्यांबरोबर झुणका, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि ताक पुरेसे मिळते की नुसत्या मिरचीच्या ठेच्यावर भागवावे लागते, हे पाहायला हवे.

विशीतल्या व्यायाम करणाऱ्या मुलांना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने चालतात. तीही बहुतांशी अन्नातून मिळू शकतात. पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावरचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक पाहावा, सुट्या पिशवीतील माल घेऊ नये आणि व्यायामशाळेत कोणी इंजेक्शन सुचवले तर ती व्यायामशाळा सोडावी.

घरातील वृद्ध पुरुषांकडे मात्र आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. कवळी बसल्यापासून त्यांनी भाकरी आणि उसळ सोडली आणि रात्री दूधभात, सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे एवढ्यावर ते आले. ‘हलके जेवण’ म्हणून आम्ही सर्वांनी त्याचे कौतुकच केले. वर्षभरात त्यांची मनगटे बारीक झाली, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागू लागले. उतारवयात स्नायू झपाट्याने घटतात आणि नेमक्या त्याच वयात ताटातली प्रथिने सर्वांत कमी होतात. आता त्यांच्या रात्रीच्या मऊ खिचडीत तांदळाइतकीच मुगाची डाळ पडते, वर चमचाभर तूप असते आणि शेजारी वाटीभर कढी. सकाळी बिस्किटांच्या जागी दुधात शिजवलेले नाचणी सत्त्व आणि एक मऊ उकडलेले अंडे असते. अंडे खाण्यास त्यांनी दोन आठवडे नकार दिला, तोपर्यंत त्याऐवजी पनीर कुस्करून दिले. जेवणानंतर ते दिवाणखान्यातील खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतात आणि बसतात, आणि कितीव्यांदा हात लागला ते मी माझ्या पोटाच्या मापाशेजारी त्याच वहीत लिहून ठेवतो.